दोष मृताच्या माथीं

अपघात झाला कीं दोन शब्द लोकांच्या ओठांवर तयारच असतात : एक ‘दैव’ आणि दुसरा ‘चालकाची चूक’. पहिल्यानें कोणीच दोषी ठरत नाहीं. दुसऱ्यानें जो ठरतो तो बहुधा उत्तर देण्यास हयात नसतो. १२ जून २०२५ रोजीं अहमदाबादेहून लंडनला निघालेलें विमान उड्डाणानंतर लगेच कोसळलें व त्यांतील २४२ पैकीं २४१ माणसें गेलीं. पुढील महिन्यांत प्राथमिक अहवाल निघतांच, अंतिम अहवालाची वाट न पाहतां, अनेकांनीं आपला निकाल देऊन टाकला. या घाईस आमचा विरोध आहे. आणि तो केवळ मृतांविषयींच्या दयेपोटीं नाहीं, हें एका जुन्या अपघातावरून दाखवितां येईल.

२४ डिसेंबर १९२४, नाताळचा आदला दिवस. लंडनजवळच्या क्रॉयडन विमानतळावरून ‘इंपीरियल एअरवेज’चें विमान पॅरिसकडे निघालें. चार लहान कंपन्या एकत्र करून ही कंपनी त्याच वर्षीं उभी राहिली होती. विमान डी हॅविलंड डी. एच. ३४ जातीचें, एकाच इंजिनाचें. आंत सात प्रवासी व एक वैमानिक. उड्डाणानंतर थोड्याच वेळांत तें पर्ली येथें पडून पेटलें. आठांपैकीं एकही वांचला नाहीं.

वैमानिक मेला होता. सोयीचा निकाल हाताशीं होता. तरी ब्रिटनमध्यें मुलकी विमानाच्या अपघाताची पहिली सार्वजनिक चौकशी झाली ती याच प्रकरणीं. तिचें महत्त्व ओळखावयाचें तर अशा वेळीं वैमानिकापुढें काय असतें तें पाहावें. जमीन सुटून विमान थोडेंच वर गेलें असतां एकुलत्या इंजिनाची शक्ति ओसरली, तर त्याच्यापाशीं ना उंची असते ना वेग. मागें वळावें तर वळण्यांतच वेग खर्च होतो, आणि वेग एका मर्यादेखालीं गेला कीं पंख भार पेलत नाहींत. सरळ जावें तर पुढें घरें. त्या क्षणीं हात त्याचा असतो खरा; परंतु त्या हाताला किती वाटा मोकळ्या राहतील, हें आधींच कारखान्यांत, कंपनीच्या कचेरींत आणि मैदान आंखणाऱ्याच्या कागदावर ठरलेलें असतें.

क्रॉयडनचें मैदानच पाहा. पहिल्या महायुद्धांतील दोन मैदानें जोडून तें केलेलें. मधून सार्वजनिक रस्ता जाई, आणि विमान पलीकडे न्यावयाचें तर फाटक लावून रहदारी थांबवावी लागे. अपघातानंतर १९२५ मध्यें विमानतळाच्या विस्ताराचा कायदा झाला, १९२८ मध्यें नवा विमानतळ उघडला. १९२६ मध्यें कंपनीनें तीन इंजिनांचीं विमानें चालू केलीं. वैमानिकाला दोष देऊन प्रकरण मिटविलें असतें, तर मैदानाला आणि इंजिनाला कोणीं प्रश्न विचारला असता?

उघड चौकशीनें प्रवासी बिथरतात व धंदा बुडतो, असें कांहीं व्यवहारी लोक सांगतात. इतिहास त्यांच्या बाजूस नाहीं. याच कंपनीची क्रॉयडन ते कराची ही सेवा ३० मार्च १९२९ रोजीं सुरू झाली. आणि कराचीहून अहमदाबादमार्गें मुंबईच्या जुहूपर्यंत टपाल घेऊन जे. आर. डी. टाटा १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं उतरले. चौकशीनें धंदा बुडाला नाहीं; तो आमच्या दारापर्यंत आला.

वैमानिक चुकतच नाहीं, असें आमचें म्हणणें नाहीं. चुकला असेल तर तसें स्पष्ट लिहावें. मात्र चूक सांपडली म्हणजे चौकशी संपली, ही समजूत घातक आहे. ती चूक होण्याजोगी स्थिति कोणीं निर्माण केली, आणि चूक होऊनही माणसें वांचावींत अशी योजना कां नव्हती, हे प्रश्न तेथूनच पुढें सुरू होतात. दैवाला शिक्षा करतां येत नाहीं आणि मृताला साक्षीस बोलावितां येत नाहीं. म्हणूनच या दोघांवर दोष टाकणें इतकें सोपें असतें. उद्यां त्याच मैदानावरून, तशाच विमानांतून, आपल्यांपैकींच कोणी तरी प्रवासास निघणार आहे. त्याच्या जिवासाठीं तरी निकालाची घाई करूं नये, आणि चौकशीचीं दारें बंद होऊं देऊं नयेत.