आधी निदान, मग पाना

कला शाखेच्या विद्यार्थ्याने वार्षिकांकात गाडीच्या गिअरवर लेख लिहावा, हे पाहून काही मित्र हसतील. तर्कशास्त्राच्या सरांनी मात्र हसू नये, अशी विनंती आहे. कारण हा लेख वास्तविक त्यांच्याच विषयावर आहे.

आमच्या घरी २००९ सालची एक व्हॅन आहे. १९८४ मध्ये बाजारात आलेली, पुढे 'ओम्नी' या नावाने गावोगाव पोचलेली आणि २०१९ मध्ये जिचे उत्पादन थांबले, तीच ही. इंजिन पुढच्या सीटखाली, जोर मागच्या चाकांना. आप्पांचा मंडप आणि भांडी भाड्याने देण्याचा धंदा तिच्यावर चालतो आणि त्या धंद्यावर आम्हा दोघा भावंडांचे शिक्षण.

ऐन लग्नसराईत तिचा गिअर पडेनासा झाला. पहिला टाकायला दोन्ही हातांचा जोर लागे, रिव्हर्स टाकताना खर्रर्र आवाज येई. जवळच्या गॅरेजमध्ये नेली, तर तिथल्या तरुण फिटरने गाडी दहा पावलेही न चालवता निकाल दिला, "गिअरबॉक्स गेला. उतरवावा लागेल." खर्च अठरा हजार! त्याच महिन्यात ताईच्या वसतिगृहाचे पैसे भरायचे होते. आप्पा रात्रभर जागे होते, हे मी पाहिले आहे.

दुसऱ्या दिवशी बाजारामागच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी पान्याला हात लावला नाही. म्हणाले, "मालक, आधी इंजिन बंद करा." मग बंद गाडीत क्लच दाबून त्यांनी चारही गिअर आणि रिव्हर्स टाकून पाहिले. लोण्यातून सुरी फिरावी तसे ते पडले. नंतर इंजिन चालू केले, पेडल तळापर्यंत दाबून चार-पाच सेकंद थांबले आणि रिव्हर्स टाकला. पुन्हा खर्रर्र! "गिअरबॉक्स नाही. क्लच सुटत नाही," असे म्हणून ते गाडीखाली शिरले.

यातला तर्क सरळ आहे. क्लचचे काम इंजिन आणि गिअरबॉक्स यांची क्षणभर फारकत करणे. इंजिन बंद असताना गिअर सहज पडतो, म्हणजे लिव्हर, त्याचे दांडे आणि बुश यांत अडथळा नाही. इंजिन चालू होताच अडतो, म्हणजे पेडल दाबूनही फारकत पुरी होत नाही. आतला दांडा फिरतच राहतो. बदलली ती एकच गोष्ट. दोष तिच्या वाटेवरच शोधायचा. जॉन स्टुअर्ट मिलने १८४३ च्या आपल्या तर्कशास्त्रावरील ग्रंथात जी व्यतिरेक पद्धती मांडली, जिच्यावर आपण परीक्षेत पाच गुणांची टीप लिहितो, ती हीच नव्हे काय?

पुढे मी मिस्त्रींना प्रश्न विचारत गेलो आणि अख्खा धडा उलगडत गेला. सगळेच गिअर खरखरतात, तर त्या सगळ्यांना समान काय, ते पाहा : क्लच किंवा तेल. एकच गिअर खरखरतो, तर त्याचीच सिंक्रो रिंग पाहा. वेगवेगळ्या गतीने फिरणाऱ्या दोन भागांना घर्षणाने एका गतीवर आणणारी ही पितळी कडी झिजते. सकाळी गिअर जड आणि गाडी तापली की हलका, तर तेल चुकीचे किंवा फार दाट असण्याचा संभव. हे सहचारी परिवर्तन. न्यूट्रलमध्ये घरघर येते आणि क्लच दाबताच थांबते, तर गिअरबॉक्सच्या पहिल्या दांड्याचे बेअरिंग. उलट क्लच दाबल्यावरच येते, तर क्लचचे बेअरिंग. पडलेला गिअर आपोआप निसटतो, तर आतली स्प्रिंग किंवा फोर्क झिजलेला असेल. पण त्याआधी गिअरबॉक्सचे माउंटिंग सैल नाही ना, हे बघावे. स्वस्त आणि बाहेरचे आधी, महाग आणि आतले शेवटी.

आमच्या व्हॅनच्या क्लचच्या केबलमधले निम्मे धागे तुटले होते. नवी केबल पडली, पेडलची ढील बरोबर केली आणि तासाभरात गाडी उभी राहिली. खर्च साडेपाचशे, मजुरीसकट.

आता माझे मत. त्या तरुण फिटरला लबाड म्हणून मोकळे होणे सोपे आहे. मला तो लबाड वाटला नाही. तो आपल्यासारखा वाटला. प्रश्न पुरता न वाचता पाठ केलेले उत्तर लिहिणारे आपण, आणि लक्षण ऐकताच सर्वांत मोठा भाग उतरवणारा तो, एकाच शाळेतले विद्यार्थी आहोत. आपल्याला मिलच्या पद्धती तोंडपाठ असतात, पण घरातला पंखा बंद पडला तर आधी बटण पाहावे की तार, हे सुचत नाही. मिस्त्रींनी मिलचे नाव ऐकलेले नाही. पण पद्धत त्यांच्या हातात आहे. दोघांपैकी तर्कशास्त्र कोणाला येते, हे वाचकांनीच ठरवावे.

दोष गिऱ्हाइकाचाही आहे. साडेपाचशे ऐकल्यावर आप्पांनी मजुरीत घासाघीस केली. "एका केबलला एवढे?" असे ते म्हणाले आणि मलाच शरम वाटली. अठरा हजारांचा गिअरबॉक्स दिसतो, म्हणून त्याचे पैसे आपण मुकाट्याने देतो. विचार दिसत नाही, म्हणून तो फुकट मागतो. मग विचार करणारे मिस्त्री कमी होत गेले, तर तक्रार कोणाकडे करायची? निदानाचे पैसे वेगळे आणि आनंदाने दिले पाहिजेत, असे मी आप्पांना त्या रात्री सांगितले. ते काही बोलले नाहीत.

निदान म्हणजे जादू नव्हे, हेही सांगितले पाहिजे. केबल बदलल्यावरही दुसरा गिअर उतारावर किंचित खरखरतो. मिस्त्रींनी ते त्याच दिवशी सांगितले होते, "ही रिंग झिजलीय. सावकाश टाकत चला, सीझन संपल्यावर बघू." हे सांगायचे टाळून त्यांना शाबासकी घेता आली असती. परवा दिवाळीपूर्वी आप्पा गाडी घेऊन स्वतःच त्यांच्याकडे गेले, आणि परत आल्यावर मजुरी किती दिली, हे त्यांनी आईलासुद्धा सांगितले नाही.

— तृतीय वर्ष, कला