तंजावरचा जमाखर्च

बाहेरून आलेले लोक आपल्या तोंडचा घास पळवतात, असं म्हणणाऱ्यांनी एकदा तंजावरचा हिशेब मांडावा. १७व्या शतकात तंजावर जिंकणाऱ्या व्यंकोजीराजांपाठोपाठ कावेरीकाठी गेलेली मराठी माणसं सत्तेच्या जोरावर गेली, हे खरंच. पण तिथेच रुजली आणि त्या मुलखाला उपयोगी पडली. तंजावरचे मराठे राजे दुसरे सरफोजी यांच्या ओरत्तनाडच्या मुक्तांबाळ छत्रात, म्हणजे धर्मशाळेत, वाटसरूला फुकट जेवण आणि मुलांना फुकट शिक्षण मिळे. पुढे राज्य गेलं, कर्तबगारी उरली. १८२८ साली कुंभकोणमच्या तंजावरी मराठी घराण्यात जन्मलेले सर टी. माधवराव त्रावणकोरचे दिवाण झाले. त्यांनी मिरीची सरकारी मक्तेदारी मोडली, संस्थानाचं कर्ज फेडलं. तेव्हा मुंबई-पुण्यात परप्रांतीयांच्या नावाने बोटं मोडण्याआधी त्यांच्या खात्यातली जमेची बाजूही वाचा.