संगणक बिघडला, कीं दुभाष्या गैरहजर?

मानकोलीच्या आसपास मुंबई-नाशिक महामार्गालगत गोदामें वाढलीं, तसा आपल्या पुष्कळ घरांत संगणकहि आला. वडील त्यावर हिशेब ठेवितात, मुलें अभ्यास करितात व खेळतात. अशा घरांत एखादें सॉफ्टवेअर उघडावयास जावें, तों ‘जावा रनटाइम सांपडत नाहीं’ अशा अर्थाची इंग्रजी सूचना पडद्यावर येते, आणि ‘तूंच खेळ घालून बिघडविलास!’ म्हणून मुलावर खापर फुटतें. हा न्याय आम्हांस मान्य नाहीं.

जावा म्हणजे येथें तें बेट नव्हे, कीं ती जुनी मोटारसायकलहि नव्हे. जेम्स गॉस्लिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनीं घडविलेली आणि सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीनें १९९५ मध्यें प्रसिद्ध केलेली ही एक संगणकभाषा आहे. तिच्यांत रचलेलें सॉफ्टवेअर विंडोज, लिनक्स व मॅक या सर्वांवर चालावें हा हेतु. पण त्यासाठीं मध्यें एक दुभाष्या लागतो. तोच हा रनटाइम. विंडोजबरोबर तो आपोआप येत नाहीं. म्हणूनच कालपरवां दुकानांतून आणिलेल्या संगणकावरहि हीच सूचना दिसते. तो कोणत्या मुलानें बिघडविला म्हणावें?

विद्यार्थिमित्रहो, अशा वेळीं कमांड प्रॉम्प्टची खिडकी उघडून ‘जावा’, मग जागा सोडून एक आडवी रेघ व तिला लागून ‘व्हर्जन’ असें इंग्रजी लहान अक्षरांत लिहावें. दुभाष्या हजर असल्यास आपला क्रमांक सांगतो. (आठवी आवृत्ति स्वतःस १.८ म्हणविते, त्यानें गोंधळूं नये.) उत्तर न आल्यास तो घरांत नाहीं, किंवा घरांत असून त्याचा पत्ता ‘पाथ’ नांवाच्या यादींत नाहीं. पत्ता लिहिल्यावर ती खिडकी बंद करून पुन्हां उघडावी. क्रमांक दिसूनहि काम अडल्यास आवृत्ति जुनी असेल, किंवा ६४ बिटांच्या सॉफ्टवेअरला ३२ बिटांचा दुभाष्या मिळाला असेल.

शोध घेतांना प्रथम दिसेल त्या जाहिरातीवरून जावा उतरवून घेणें मात्र घातक आहे. ओरॅकलच्या जावा ८ च्या एप्रिल २०१९ पासूनच्या सुधारणा घरगुती उपयोगास मोफत, धंद्यास परवान्यानें मिळतात. कचेरीसाठीं एक्लिप्स फौंडेशनच्या छत्राखालीं निघणारा टेमुरिन बरा. तो धंद्यासहि मोफत आहे.

खरा जाब विचारावयाचा तो सॉफ्टवेअर देणाऱ्यांस. टी. डी. एस.चें विवरण तयार करण्याचें सरकारमान्य साधन वर्षानुवर्षें जावावर चालत आलें आहे, आणि विवरणास उशीर झाल्यास २०१२ पासून दिवसास २०० रुपये शुल्क पडतें. अखेरच्या रात्रीं दुभाष्या गैरहजर निघाला, तर हा भुर्दंड हिशेबनिसानें कां सोसावा? दुभाष्यासह सॉफ्टवेअर बांधून देण्याचें साधन जावाच्या सोळाव्या आवृत्तींत, म्हणजे २०२१ मध्येंच, पक्कें झालें आहे. तें वापरण्याचे श्रम देणाऱ्यांनीं घ्यावेत. तोंवर पालकांनीं मुदतीच्या पंधरा दिवस आधीं सॉफ्टवेअर एकदां उघडून पाहावें, आणि क्रमांक विचारण्याचें काम घरच्या मुलाकडेच सोंपवावें.