बलसंवर्धन आणि आहाराचे माप

'सुरतेचे जेवण आणि काशीचे मरण' ही म्हण आपणा सर्वांस ठाऊक आहे. चंदी पडव्याच्या घारीची आणि हिवाळ्यातील पोंकाची ही नगरी. येथील पेढीवाल्या घरांत अन्नाची वाण नाही. तरीही आपले तरुण जिममध्ये जाऊ लागल्यापासून एक नवा प्रश्न पंक्तीस येऊन बसला आहे. स्नायू वाढवावयाचे तर जास्त किती खावे? या प्रश्नात आरोग्याबरोबर घरातील सलोखा व धर्माचरणही गुंतलेले असल्यामुळे आम्ही चार शब्द लिहीत आहोत.

गतवर्षी आमच्या नातवास त्याच्या प्रशिक्षकाने सांगितले की, दुप्पट खा आणि झोपण्यापूर्वीही खा. चौविहार मोडावा की व्यायाम सोडावा, अशा पेचात मुलगा सापडला. आम्ही रागावलो, परंतु त्याच्या प्रश्नाचे उत्तर दिले नाही, हा दोष आमचाच. त्याने नियम पाळला, पण दिवसा दुप्पट खाणे चालू ठेवले. तीन महिन्यांत वजन सहा किलोंनी वाढले. दंड होते तसेच राहिले आणि कमरेचा पट्टा मात्र अपुरा पडू लागला.

भुसार मालाच्या व्यापाऱ्यास यात नवल वाटू नये. उठाव नसताना गोदाम भरले तर नफा होत नाही, माल पडून राहतो. शरीरातही तेच घडते. स्नायूंची वाढ मंद असते, त्यामुळे वजन आठवड्याला पाव किलोच्या आसपास वाढले तरी ते पुष्कळ समजावे. त्याहून जास्त खाल्लेले चरबी होऊन साठते. आणि व्यायामाचा उठावच नसेल, तर जास्तीचे सर्वच अन्न पडून राहते.

आता माप पाहू. नित्याच्या आहाराहून सुमारे तीनशे उष्मांक जास्त, एवढे नवशिक्यास पुरते. पन्नास ग्रॅम भाजके चणे आणि पाव लिटर तापवलेले दूध यांत ते भरून निघतात, आणि अठरा ग्रॅमच्या आसपास प्रथिनेही मिळतात. उलट, एकच घारी खाल्ली तरी उष्मांक तेवढे भरतात, प्रथिने मात्र थोडी. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली प्रौढांसाठी वजनाच्या दर किलोस ०.८३ ग्रॅम प्रथिने सांगितली. वजने उचलणाऱ्यास सुमारे १.६ ग्रॅम पुरतात; म्हणजे साठ किलोच्या तरुणास ९६ ग्रॅम. त्यासाठी ताटातील भात थोडा कमी करून डाळ घट्ट व दुप्पट घ्यावी, पनीर घ्यावे. धान्यात जे घटक कमी, ते डाळीत असतात आणि डाळीत जे कमी, ते धान्यात. आपली साधी खिचडी हा हिशेब केव्हाच जुळवून बसली आहे. मूत्रपिंडाचा विकार असल्यास मात्र वैद्यांस विचारल्यावाचून प्रथिने वाढवू नयेत.

रात्री खाल्ल्यावाचून बळ येत नाही, हेही खरे नव्हे. व्यायामानंतर स्नायूंची घडण निदान चोवीस तास चालू राहते. दिवसभराची एकूण बेरीज महत्त्वाची. ती सूर्यास्तापूर्वी पुरी करता येते. पर्युषणात उपवास असता जड वजने तेवढी बाजूस ठेवावीत. शिवाय वजन म्हणजे बळ नव्हे. १९५२ साली हेलसिंकी येथे कास्यपदक मिळविणारे गोळेश्वरचे खाशाबा जाधव ५७ किलोंच्या गटात लढले होते.

वडीलधाऱ्यांस आमची विनंती आहे की, मुलांच्या व्यायामास नाके मुरडू नयेत. साठीनंतर आपलेही स्नायू झिजतात. थोडा व्यायाम व वाटीभर डाळ आपणासही हवी. आणि घरातील स्त्रिया शेवटी जेवतात तेव्हा डाळीच्या पातेल्यात काय उरलेले असते, ते एकदा डोळ्यांनी पाहावे. नातवासाठी वाढविलेली डाळ त्याच्या आईच्या ताटातही पडली पाहिजे.

आपल्या धर्माने ऊनोदरीस तप म्हटले आहे. ऊनोदरी म्हणजे उपासमार नव्हे; ती मापाची शिकवण आहे. कमी खाताना जसे माप लागते, तसेच जास्त खातानाही लागते. आमचा नातू आता मूठभर चणे मोजून घेतो व दिवे लागण्यापूर्वी जेवून उठतो. दंड भरू लागले आहेत. आणि पट्ट्याचे जुने भोक पुन्हा कामास आले आहे.

जय जिनेंद्र.