ऑपरेशन अम्मीचे, मग माहिती तिलाच का नाही?

लोणंदहून मोठ्या ऑपरेशनसाठी पेशंटला बहुधा साताऱ्याला किंवा पुण्याला न्यावे लागते. गाडी ठरते, पैशांची जुळवाजुळव होते, खाला-फुप्पी, मामू-चाचा सगळ्यांना फोन जातात. अम्मीला मात्र एवढेच सांगितले जाते, "काही नाही, किरकोळ आहे." ती घाबरू नये हा हेतू चांगला. पण ऑपरेशन थिएटरचे दार बंद झाले की आत ती एकटीच असते, आणि तिथे काय चालले आहे हे तिला कोणी सांगितलेलेच नसते.

सर्वांत जास्त घोटाळा पोटाच्या बाबतीत होतो. "उपाशी या" हे शब्द आपल्याकडे रोजाच्या हिशेबाने ऐकले जातात. म्हणून कोणी पहाटे सहरीसारखे पोटभर खाऊन निघतो, तर कोणी वाटेत एसटी स्टँडवर "चहाने काय होतंय" म्हणून अर्धा कप घेतो. भूल दिल्यावर गिळण्या-खोकण्यावरचा ताबा जातो. अशा वेळी पोटातले वर येऊन फुप्फुसात गेले तर जिवावर बेतते. साधारणपणे हलके खाणे भुलीच्या 6 तास आधी आणि साधे पाणी 2 तास आधी बंद करतात. तेलकट, मटणाच्या जेवणाला त्याहून जास्त वेळ लागतो. दुधाचा चहा खाण्यातच धरतात. नेमकी वेळ मात्र भूल देणाऱ्या डॉक्टरांनाच विचारावी. चुकून काही खाल्ले असेल तर खरे सांगावे. फार तर ऑपरेशन पुढे ढकलले जाईल. ऑपरेशन रमजानमध्ये आले तर आजारी माणसाला रोजा नंतर पूर्ण करण्याची सवलत सूरह बकरामध्ये आहेच. घरातल्या वडीलधाऱ्यांनी हे अम्मीला आधीच सांगावे, नाही तर ती गुपचूप नियत करून बसते.

शुगरच्या, रक्त पातळ करण्याच्या गोळ्या आणि हकीमसाहेबांचे चूर्णसुद्धा डॉक्टरांना दाखवावे. मनाने काही बंद करू नये, चालूही ठेवू नये. नखांची पॉलिश काढावी, बोटांच्या टोकांना गडद मेंदी लावू नये, कारण बोटाला लावतात त्या यंत्राला ऑक्सिजन मोजताना अडचण येऊ शकते. दागिने, कवळी आणि तावीज घरच्यांकडे द्यावेत. पडद्याची काळजी असेल तर आदल्या दिवशीच नर्सबाईंशी बोलावे. स्ट्रेचरवर झोपल्यावर हे बोलायला संकोच वाटतो.

आत गेल्यावर नाव, वय, कोणते ऑपरेशन, डावी बाजू की उजवी, हे पुन्हा पुन्हा विचारतात. "यांना माहीतच नाही की काय?" असे वाटून अम्मी धास्तावते. पण जागतिक आरोग्य संघटनेने 2008 मध्ये अशा तपासणीची यादीच घालून दिली आहे, ती चूक टाळण्यासाठीच. कमरेत सुई देऊन भूल दिली तर ती जागी असू शकते, आवाज ऐकू येतात, आणि नंतर काही तास पाय उचलत नाहीत. हे ठाऊक नसले तर लकवा मारला असे वाटून ती रडते.

आता सहीचे. आपल्याकडे कागद नवऱ्यापुढे किंवा मुलापुढे सरकवला जातो. 2008 मध्येच समीरा कोहली यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. दुर्बिणीने तपासणी करण्यास त्यांनी संमती दिली होती. त्या भुलीत असताना डॉक्टरांनी बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन गर्भाशय आणि अंडाशय काढले. जिवाला तातडीचा धोका नव्हता आणि पेशंट सज्ञान होती, म्हणून आईची संमती न्यायालयाने ग्राह्य धरली नाही. तेव्हा कागद अम्मीला वाचून दाखवा. काय काढणार, आत आणखी काही आढळले तर काय करणार, हे तिने स्वतः डॉक्टरांना विचारावे आणि सही किंवा अंगठा तिनेच करावा.

शुद्धीवर येताना घसा दुखतो, थंडी वाजते, मळमळते. पाणी कधी द्यायचे ते नर्सबाई सांगतील. तोवर कोणी मायेने झमझमचा घोटसुद्धा पाजू नये. नमाजची वेळ झाली आणि पाणी लावायला मनाई असेल तर तयम्मुम आहे, पडल्या पडल्या इशाऱ्याने अदा करता येते. उशाशी एकच माणूस थांबावा, बाकीच्यांनी दुआ घरूनच करावी.