दूध तुटलेले करडू आणि आमचा शेतकरी

बाजारात दूध नुकतेच तुटलेली करडे कवडीमोलाने जाताना पाहून आम्हांस वाईट वाटते. उस्मानाबादी शेळीचे करडू तिसऱ्या महिन्याच्या सुमारास दुधावरून तोडतात, आणि मालकाचा नफातोटा तेथून पुढेच ठरतो. एकाच वाणाची दोन करडे घ्या. एक उन्हाळ्यात उजाड माळ तुडवून रात्री रिकाम्या दावणीस येते. दुसऱ्यास चरून आल्यावर शेवरीचा पाला, तुरीचा भुसा व थोडा भरडा मिळतो. दुसरे अंगाने भरते, पहिले खुरटते. मग आमचे बंधू म्हणतात, वाणच हलका! बंधूंनो, हा दोष वाणाचा नव्हे, संगोपनाचा आहे. नुसते कोंडून ठेवणे हाही उपाय नव्हे. दाटीच्या ओल्या गोठ्यात हगवण माजते. चराई आणि दावण यांची जोड घाला, पावसाळ्यापूर्वी जंताचे औषध पाजा, पीपीआर व आंत्रविषाराची लस टोचून घ्या. गरज माणसाला घाई करविते, हे आम्ही जाणतो. तरीही शक्य तर चार महिने थांबा, आणि व्यापाऱ्याच्या अंदाजावर न विसंबता करडू काट्यावर तोलूनच द्या. ज्याने वाढविले, मोल त्याच्याच पदरी पडावे!