वजन घटले की मेद घटला?

‘वजन कमी केले पाहिजे’ हे वाक्य हल्ली घरोघरी कानी पडते. आता आमचे विद्यार्थी व विद्यार्थिनीही ते म्हणू लागले आहेत. कित्येक मुली मधल्या सुटीचा डबा न उघडताच परत नेतात, आणि आठ दिवसांनी काट्यावरचा आकडा उतरलेला पाहून संतोष पावतात. हा संतोष कितपत खरा, याचा विचार येथे करण्याचे आम्ही योजिले आहे. आमचे मत आरंभीच सांगतो. वजन घटणे व मेद घटणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. आणि जो आकड्यालाच आरोग्य समजतो, तो जे राखावयाचे तेच बहुधा गमावून बसतो.

वजनकाटा केवळ भार सांगतो. तो भार कशाचा, हे सांगत नाही. हाडे, स्नायू, रक्त, पाणी व मेद ही सारी त्यास सारखीच. उपाशी राहणाऱ्याचे पहिल्या दोन-चार दिवसांत किलो-दीड किलो वजन उतरते, ते मुख्यत्वे पाण्याचे. यकृतात व स्नायूंत साखरेचा जो साठा असतो, त्याच्या प्रत्येक ग्रॅमाबरोबर सुमारे 3 ग्रॅम पाणी धरून ठेवलेले असते. साठा संपला की पाणीही जाते, आणि पोटभर जेवण झाले की दोन्ही परत येतात. उलट, शरीरातील एक किलो मेदात सुमारे 7,700 कॅलरी साठविलेल्या असतात. सामान्य माणसास दिवसाकाठी दोन-अडीच हजार कॅलरी लागतात. म्हणजे दिवसभर निराहार राहिले तरी पाव किलोहून फारसा अधिक मेद जळणे शक्य नाही. मग ‘आठवड्यात पाच किलो’ अशा जाहिरातींची किंमत काय, हे गणित जाणणाऱ्या विद्यार्थ्यांनी स्वतःच ठरवावे.

पाण्याचे हे वजन मल्लांस चांगले ठाऊक असते. कुस्तीचे गट वजनावर ठरतात, म्हणून तोलाच्या आधी ते घाम गाळून वजन उतरवितात. 2024 साली पॅरिस येथे विनेश फोगाट 50 किलो गटाच्या अंतिम फेरीत पोहोचली. रात्रभर घाम गाळूनही सकाळी 100 ग्रॅम अधिक भरली आणि बाद ठरली. त्या रात्री जे उतरले ते पाणी होते, मेद नव्हे.

आता दुसरी बाजू पाहू. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी 1952 साली हेलसिंकी येथे 57 किलो गटात कांस्यपदक मिळविले. आमच्या वरच्या वर्गांतील एखाद्या मुलाचेही वजन 57 किलो भरेल. पण तेवढ्याने त्याची घडण त्या मल्लासारखी होत नाही. या भेदाचा दाखला पुण्याच्याच एका वैद्याने स्वतःवरून दिला. डॉ. चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे प्राध्यापक जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात 2004 साली प्रसिद्ध झाले. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही अगदी एकच, 22.3; परंतु शरीरातील मेद युडकिन यांच्यात 9.1 टक्के, तर याज्ञिक यांच्यात 21.2 टक्के!

ही गोष्ट एकट्या याज्ञिकांची नव्हे. त्यांच्या चमूने पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील नवजात बालकांची मापे घेऊन ती इंग्लंडातील साउथहॅम्प्टनच्या बालकांशी ताडून पाहिली. आपली बालके सरासरी 2.7 किलोची, तिकडची 3.5 किलोची. आपली बालके सर्व मापांत लहान, स्नायूंत फारच उणी. पण पाठीवरील त्वचेखालचा मेद मात्र त्या मानाने टिकून राहिलेला. ज्या गरोदर मातांच्या आहारात दूध, पालेभाजी व फळे अधिक होती, त्यांची बालके अधिक भरदार आढळली. म्हणून ‘आमचा मुलगा तर काटकुळा, त्यास मधुमेह कसला?’ असे कोणी निश्चिंतपणे म्हणू नये. आणि ज्या मुली आज डबा परत नेतात त्यांपैकी पुष्कळजणी उद्याच्या माता आहेत, हेही विसरू नये.

केवळ उपासाने मेदाबरोबर स्नायूही झिजतो. वास्तविक रक्तातील साखर सामावून घेणारे मोठे कोठार स्नायूच होय. तो झिजला, पुढे वजन परत आले, तर येतो तो बहुधा मेदच. आकडा पूर्वीचाच, शरीर मात्र पूर्वीहून वाईट.

मग करावे काय? वाढत्या वयात उंचीबरोबर वजन वाढणे हाच धर्म आहे. ते उपासाने रोखू नये. कमी करावयाचे ते तळलेले पाकीटबंद जिन्नस, गोड शीतपेये व साखरेचा वारंवारचा चहा. भाकरी, हुलगा, मटकी, शेंगदाणे, अंडी, दूध व पालेभाजी ही कमी करू नयेत. कोयनेच्या खोऱ्यात चढउतारांची वाण नाही, पायी चालावे. पावसाळ्यात बाहेर पडणे अशक्य झाले तर घरातल्या घरात जोर-बैठका काढाव्यात. परीक्षेसाठी काट्याऐवजी दोरी घ्यावी. आपल्या उंचीएवढी दोरी निम्मी दुमडून बेंबीच्या किंचित वर पोटाभोवती धरावी. ती पुरली तर बरे. न पुरली तर वैद्याचा सल्ला घ्यावा, मनाने उपास करू नये.

पालकांस एवढीच विनंती, की मुलास ‘जाड्या’ किंवा ‘काडीपैलवान’ म्हणून हिणवू नये, व आकडा उतरला म्हणून शाबासकीही देऊ नये. तो जिना न धापता चढतो काय, पोटभर सकस जेवतो काय, गाढ झोपतो काय, हे पाहावे. ज्याचे स्नायू बळकट व पोट आटोपशीर, त्याने काट्यापुढे मान खाली घालण्याचे काहीच कारण नाही.